खोललेलं इंजिन आणि हुकलेला वायदा : एका दुरुस्तीचं प्रकरण

माझी धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे. तिचे बहुतेक रुग्ण अंथरुणाला खिळलेले किंवा नुकतेच त्यातून उठलेले आहेत. त्यांना दवाखान्यापर्यंत आणणं घरच्यांना झेपत नाही, म्हणून ती त्यांच्या घरी जाते. गाडीच्या डिकीत स्नायूंना विजेची उत्तेजना देणारं मशीन, घडीचा वॉकर, वजनाच्या पट्ट्या असं सगळं कायम भरलेलं असतं. तिचं क्लिनिक म्हणायचं तर ही गाडीच. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने हातापायात पुन्हा हालचाल आणण्यासाठी फार मोलाचे असतात, आणि त्या काळात व्यायामाचे आठवडे बुडाले तर नुकसान रुग्णाचं होतं. त्यामुळे ही गाडी दुरुस्तीला गेली आणि ठरलेल्या दिवशी मिळाली नाही, तेव्हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नव्हता.

मी स्वतः कारखान्यात उत्पादन-नियोजनाचं काम करतो. कबूल केलेल्या तारखा का हुकतात हे शोधणं हे माझं रोजचं काम आहे. हे प्रकरण मी जवळून पाहिलं, काही निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतले. ते क्रमाने मांडतो आहे, कारण गाडी असो, शिलाई मशीन असो, लॅपटॉप असो, दुरुस्तीच्या दुकानात अडकलेल्या वस्तूचं दुखणं बरंचसं एकाच जातीचं असतं.

गाडी गॅरेजमध्ये कशी गेली

तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि तिने गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली. त्याआधी काही आठवडे कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत होतं, पण खाली कुठे गळती दिसत नव्हती. गाडी टोइंग करून गॅरेजमध्ये नेली. गॅरेजमालकाने ऑइलचं झाकण उघडून तिला दाखवलं, आतल्या बाजूला पांढरट, दुधाळ थर साचला होता. म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळत होतं. चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही तो थांबेना. निदान सरळ होतं : हेड गॅस्केट गेलं.

"शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन जा, ताई," असं मालकाने सांगितलं. आगाऊ रक्कम घेतली आणि जॉब कार्ड फाडून दिलं. कार्डावर गाडीचा नंबर, किलोमीटर, 'हेड गॅस्केट, इंजिन काम' एवढंच होतं. तारखेचा रकाना रिकामा होता. तिने त्या शुक्रवारच्या हिशेबाने रुग्ण पुढे ढकलले, जवळचे रिक्षाने केले आणि शनिवार सकाळपासूनच्या भेटी नेहमीसारख्या लावून टाकल्या.

ती तारीख आली कुठून

हे काम काय असतं ते समजल्याशिवाय तारखेबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून थोडं इंजिनात डोकावतो.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा झाकणासारखा भाग म्हणजे हेड, आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेली पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. ज्वलनाचा दाब, ऑइल आणि कुलंट या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायचं काम या एका चकतीवर आहे. अनेक गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की हेड बोल्टांनी जखडलेलं असतं, त्याला पसरायला जागा मिळत नाही, आणि ते किंचित वाकतं. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही. पण बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याहून जास्त वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं तर तेही जातं. म्हणून हेड लेथवाल्याकडे पाठवून त्याचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो. गॅरेजच्या भाषेत याला फेसिंग म्हणतात. तिथे हेडला तडा आहे का ते दाबाखाली तपासतात, व्हॉल्व्ह म्हणजे झडपा आणि त्या जिथे टेकतात त्या सीट पाहतात. मग हेड परत येतं आणि जोडणी सुरू होते.

यातलं काहीही इंजिन खोलण्याआधी कळत नाही. हेड वाकलंय का, किती, तडा आहे का, सीट जळल्या आहेत का, हे सगळं पुढचं. म्हणजे 'शुक्रवारी संध्याकाळी' हे उत्तर फक्त एकाच शक्यतेचं होतं : हेड सरळ निघालं, किट लगेच मिळालं, मधे दुसरं काही आलं नाही.

असा अंदाज देणारा माणूस खोटं बोलत असतो असं मला वाटत नाही. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना माणूस आधीची तशीच कामं किती लांबली होती हे बाजूला ठेवतो आणि समोरचं काम सुरळीत पार पडेल असं धरून चालतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर किती? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. सगळ्यात वाईट धरलेला अंदाजही अपुरा पडला. हे आपल्या स्वतःच्या प्रबंधाबद्दल. गॅरेजमालक तर न उघडलेल्या इंजिनाबद्दल बोलत होता.

म्हणून पहिली तारीख हुकली याचा मला स्वतःला फारसा राग नाही. माझा आक्षेप त्यानंतरच्या तारखांवर आहे.

शुक्रवार गेला, सोमवार गेला

शुक्रवारी गॅरेजमधून फोन आला नाही. बहिणीनेच संध्याकाळी केला. "ताई, पार्ट यायचाय. सोमवारी नक्की." सोमवारी दिवसभर फोन उचलला गेला नाही. रात्री उचलला तेव्हा, "उद्या दुपारपर्यंत होऊन जाईल." त्या रात्री तिने मला फोन केला. "दादा, मी चिडू की विनवण्या करू, तेवढं सांग."

मी तिला विचारलं, सोमवारचं आश्वासन देताना शुक्रवारपेक्षा त्याच्याकडे नवी माहिती काय होती? तिला सांगता येईना, कारण तिने विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. पहिला अंदाज इंजिन बंद असताना दिला होता. दुसऱ्या वेळी इंजिन उघडलेलं होतं. तरीही उत्तर 'सोमवारी नक्की' एवढंच असेल तर ते कामाकडे बघून दिलेलं नाही, फोन लवकर संपावा म्हणून दिलेलं आहे. आणि फोनवर 'कधी होईल?' एवढाच प्रश्न विचारला तर उत्तरही तेवढंच मिळणार. दिवसभर हात ग्रीसने भरलेल्या माणसाला त्या प्रश्नावर सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे जवळचा एखादा वार.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली ती माझ्या धंद्यातली. हेड गॅस्केटच्या कामात प्रत्यक्ष हात लागतो तो वेळ साधारण दोन-तीन दिवसांत मावतो. बाकी सगळा वेळ गाडी नुसती उभी असते : पार्टची वाट, लेथची वाट, मेकॅनिक मोकळा होण्याची वाट. कारखान्यातही असंच असतं, मालावर प्रक्रिया होण्याचा वेळ थोडा आणि मशीनपुढे रांगेत पडून राहण्याचा वेळ जास्त. त्यामुळे 'लवकर करा' हा धोशा चुकीच्या जागी बसतो. घाई केली तर मेकॅनिक कामातला वेळ वाचवतो, आणि इंजिनाच्या कामात तो वाचवू नये. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले अवशेष खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करणं, हेडचे बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळणं, कुलंटमधली हवा काढणं, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत इंजिन चालवून पाहणं, ही सगळी घाईत पहिल्यांदा कापली जाणारी कामं आहेत. ग्राहकाने दबाव आणायचा तो गाडी उभी राहण्याच्या वेळेवर.

रांगेबद्दल एक साधं सूत्र आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं. आत असलेल्या कामांची संख्या म्हणजे दर आठवड्याला बाहेर पडणारी कामं गुणिले एका कामाला आत काढावे लागणारे आठवडे. समजा आवारात १२ गाड्या उभ्या आहेत आणि आठवड्याला ४ बाहेर पडतात, तर एका गाडीला सरासरी ३ आठवडे लागणार, मालक तोंडाने काहीही सांगो. गाड्या मोजणं कुणालाही जमतं. 'आठवड्याला साधारण किती गाड्या होतात?' हा प्रश्न विचारला तर मेकॅनिक लोक उत्तरही खरं देतात, कारण त्यात त्यांना अभिमान वाटतो.

रांगेचं गणित आणखी एक गोष्ट सांगतं. एकच कारागीर असेल आणि कामं अनियमित येत असतील, तर साध्या प्रतिमानानुसार तो ८० टक्के वेळ व्यस्त असताना नव्या कामाला सरासरी चार कामांएवढी वाट पाहावी लागते. ९० टक्क्यांना ती नऊ कामांएवढी होते, ९५ टक्क्यांना एकोणीस. भरलेल्या दुकानात थोडं जास्त काम घेतलं की सगळ्यांची वाट कितीतरी पटीने लांबते. चांगल्या, नावाजलेल्या कारागिराकडेच वायदे जास्त हुकतात त्याचं एक कारण हे आहे.

आणि या रांगेत खोललेल्या गाडीचा नंबर मागे मागे जातो. मालकाच्या जागी उभं राहून पाहिलं तर कळतं. ब्रेक पॅड बदलायला आलेला माणूस समोर उभा आहे, त्याला थांबवलं तर तो दुसरीकडे जाईल. इंजिन खोललेली गाडी कुठेही जात नाही. म्हणून किरकोळ काम आधी होतं आणि मोठं काम रोज एक दिवस सरकतं. यात कुणाचा कट नसतो, पण ज्याची गाडी उघडी पडली आहे त्याला काहीतरी वजन दुसऱ्या पारड्यात टाकावंच लागतं.

जाऊन पाहिलं तेव्हा

मंगळवारी सकाळी गॅरेज उघडताना आम्ही दोघं गेलो. सकाळची वेळ मुद्दाम निवडली होती. संध्याकाळी मालक गिऱ्हाइकांना गाड्या परत देण्याच्या गडबडीत असतो आणि कामगार घरी निघालेले असतात. सकाळी दिवसाची कामं वाटली जातात, त्या वेळी समोर असलेल्या माणसाचं काम वाटणीत येतं.

बहिणीने सुरुवात तक्रारीने केली नाही. "काका, गाडी कुठपर्यंत आलीय, मला दाखवता का?" असं म्हणाली. मालक तिला आत घेऊन गेला. बॉनेट उघडं, ब्लॉकवर फडकं टाकलेलं. हेड मागच्या टेबलावर गोणपाटाखाली होतं, त्यावर खडूने गाडीचा नंबर लिहिलेला. ते लेथवर गेलेलंच नव्हतं.

"पार्ट कुठला यायचा होता?" तिने विचारलं. गॅस्केटचं किट. ते शनिवारीच आलं होतं, कपाटावर सीलबंद पडलं होतं. म्हणजे शुक्रवारचं उत्तर खरं होतं, सोमवारी त्याच उत्तराच्या भरवशावर नवा वायदा दिला गेला होता. एकदा खरं असलेलं कारण परिस्थिती बदलल्यावरही तोंडात राहतं, हे मी कारखान्यातही पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून कारण ऐकलं की त्याची आजची स्थिती विचारावी.

मग हेड का गेलं नाही? लेथवर माल नेणारा पोरगा सुट्टीवर होता, आणि दुसऱ्या एका गाडीचंही हेड पाठवायचं होतं. दोन्ही एकदम पाठवू, फेरी वाचेल, असा मालकाचा विचार. त्या दुसऱ्या गाडीचं इंजिन अजून खोललेलंच नव्हतं. हे त्याने लपवलं नाही, विचारल्यावर सरळ सांगितलं. एक फेरी वाचवण्यासाठी एका माणसाची गाडी किती दिवस अडून राहते याचा हिशेब त्याने कधी मांडला नव्हता, इतकंच.

बहिणीने विचारलं, "हेड किती वाकलंय, मोजलंत का?" मला वाटतं या प्रश्नाने त्या सकाळचा सूर बदलला. मालकाने गोणपाट बाजूला केलं, पृष्ठभाग पुसला, कपाटातून पोलादी सरळपट्टी आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं, काढलं. पट्टी हेडवर आधी लांबीत उभी धरली, मग आडवी, मग दोन्ही तिरक्या बाजूंनी. बहीण मोबाइलचा टॉर्च धरून पट्टीच्या मागून उजेड पाडत होती. मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली. ०.०५ चं पान त्या फटीतून सहज गेलं, ०.१० चं किंचित अडखळत गेलं. मालक म्हणाला, "फेसिंगला पर्याय नाही, ताई." आता तिघंही एकाच वस्तूकडे बघून बोलत होतो, आणि तारखेचा विषय आपोआप त्या वस्तूभोवती आला.

मी एकच प्रश्न घातला : हेड परत आल्यावर जोडायला सगळं सामान हजर आहे का? हेडचे बोल्ट जुनेच वापरायचे की नवे? अनेक इंजिनांत हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि ते एकदाच वापरायचे असतात. मालकाने फोनवर या मॉडेलचं पाहून घेतलं. नवेच लागणार होते, आणि मागवलेले नव्हते. हेड लेथवरून आल्यावर हे लक्षात आलं असतं तर पुन्हा 'पार्ट यायचाय' ऐकावं लागलं असतं. झालेल्या उशिराबद्दल भांडण्यात जेवढा वेळ जातो त्यातला थोडा पुढचा उशीर शोधण्यात घालवला तर हाती काहीतरी लागतं.

लेखी मेसेज

गॅरेजमधून बाहेर पडल्यावर तिने तिथूनच मेसेज पाठवला. तिच्या परवानगीने पूर्ण देतो.

"काका, नमस्कार. आज आपलं ठरलं ते लिहून ठेवते. हेड मोजलं, ०.१० चं पान जातं, म्हणून फेसिंग करायचं आहे. हेड उद्या बुधवारी सकाळी लेथवर जाईल. गॅस्केट किट आलेलं आहे. हेड बोल्ट नवे लागणार, ते तुम्ही आज मागवताय. लेथवर हेड तपासून झालं की काय निघालं ते तुम्ही मला फोन करून सांगाल आणि गाडी मिळायची तारीख आपण तेव्हा ठरवू, तोपर्यंत मी तारीख विचारणार नाही. गॅस्केट आणि फेसिंगपलीकडचं काम निघालं तर मला विचारल्याशिवाय करू नका. जुने पार्ट ठेवा, मी घेऊन जाईन. गुरुवारी संध्याकाळपर्यंत हेड लेथवर पोचलं नसेल तर मी गाडी सगळ्या सुट्या सामानासकट घेऊन जाईन आणि तोवरच्या कामाचे पैसे हिशेबाने देईन. यात काही चुकलं असेल तर आजच कळवा."

उत्तर आलं, "ठीक आहे ताई."

यातली दोन वाक्यं मला महत्त्वाची वाटतात. एक, 'तोपर्यंत मी तारीख विचारणार नाही'. अंदाज बांधता येत नसताना तारीख मागितली की खोटीच तारीख मिळते. तिने त्याला त्यातून मोकळं केलं आणि बदल्यात एक टप्पा पक्का करून घेतला. हेड लेथवर गेलं की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, त्यात 'होत आलंय' म्हणायला जागा नाही. दुसरं, गुरुवारचं वाक्य. इंग्रजी परंपरेच्या करारकायद्यात एक जुनं तत्त्व आहे : मुळात मुदत कराराचा गाभा म्हणून ठरलेली नसली, तरी वाजवीपेक्षा जास्त उशीर झाल्यावर दुसरा पक्ष नोटीस देऊन वाजवी नवी मुदत घालू शकतो, आणि तीही हुकली तर करार संपवू शकतो. कायदा देशोदेशी वेगळा असतो आणि एक मेसेज म्हणजे वकिलाची नोटीस नव्हे, पण त्यामागचा विचार कुठेही उपयोगी पडतो. मुदत वाजवी हवी, तारखेनिशी हवी, आणि ती हुकल्यावर आपण काय करणार ते आधीच सांगितलेलं हवं. जे करायची आपली तयारी नाही ते त्यात लिहू नये. बहिणीने मेसेज पाठवण्याआधी दुसऱ्या गॅरेजला फोन करून विचारलं होतं की खोललेलं इंजिन घ्याल का. ते नाखुशीने हो म्हणाले होते.

त्याच दिवशी तिने रुग्णांच्या भेटीही नव्याने लावल्या, गाडी महिनाअखेरपर्यंत येणार नाही असं धरून. एकाच भागातले रुग्ण एका दिवशी घेतले, मशीन लागणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस भाड्याची गाडी ठरवली, पावत्या ठेवल्या. हे तिने शुक्रवारी संध्याकाळीच केलं असतं तर मधले दिवस कमी तगमगीत गेले असते, असं ती म्हणते. मला त्यातला व्यवहाराचा भाग जास्त दिसतो : पर्यायी सोय झाल्यावर तिच्या बोलण्यातली अगतिकता गेली आणि मालकाला ते जाणवलं.

जे केलं नाही ते

गाडी लगेच उचलून नेण्याचा विचार सोमवारी रात्री तिच्या मनात पक्का झाला होता. मी तो लांबवायला सांगितला. दुसऱ्याने खोललेलं इंजिन घ्यायला मेकॅनिक कचरतात आणि त्यांचं बरोबर आहे. कुठला बोल्ट कुठला, काय आधीपासून तुटलेलं होतं, काहीच माहीत नसतं, आणि पुढे बिघाड झाला तर दोन्ही गॅरेजेस एकमेकांकडे बोट दाखवतात. नवीन ठिकाणी गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहते ती वेगळीच. हे पाऊल शेवटचं म्हणून हातात असावं, आणि गाडी न्यायचीच वेळ आली तर प्रत्येक सुट्या भागाचा फोटो आणि यादी करून न्यावी.

पैसे न देता गाडी मागण्याचाही उपयोग नव्हता. अनेक देशांच्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्या वाजवी मजुरीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क असतो. बिलावर वाद असेल तर हरकत नोंदवून पैसे भरावे, वस्तू बाहेर काढावी आणि मग भांडावं, हे सहसा शहाणपणाचं ठरतं. मात्र काम पुढे सरकल्याशिवाय आणखी आगाऊ रक्कम देऊ नये. बोल्टसाठी मालकाने पैसे मागितले, ते तिने पार्टच्या दुकानाच्या बिलावर परस्पर दिले.

इंटरनेटवर वाईट शेरा लिहिण्याची धमकी तिच्या एका मैत्रिणीने सुचवली होती. गाडी आत असताना हे करू नये असं माझं ठाम मत आहे. मोजमाप करायला लागलेल्या माणसाला ती पुन्हा बचावाच्या पवित्र्यात ढकलते. ग्राहक आयोगाचं दार गाडी बाहेर आल्यावरही उघडं राहतं, आणि तिथे उपयोगी पडतात ते कागद तिच्याकडे जमा होतच होते.

दुसरा उशीर

बुधवारी हेड लेथवर गेलं. एकटंच गेलं, दुसऱ्या हेडची वाट न पाहता. मालकाने तिथला फोटो पाठवला, न मागता.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. तडा नव्हता, पण तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळून खड्डे पडले होते. सीट नवी बसवावी लागणार, लेथवर त्याचं काम सोमवारी होईल, मंगळवारी हेड हातात येईल, जोडणीला एक दिवस, गाडी बुधवारी संध्याकाळी. खर्च इतका वाढेल. सीटचा फोटो सोबत होता.

बहिणीने एका मिनिटात होकार दिला. दिवस मोजले तर हा उशीर पहिल्याएवढाच होता. पण हा तारीख उलटायच्या आत सांगितला गेला, त्याला दाखवता येणारं कारण होतं, आणि नवी तारीख कुठल्या टप्प्यावर उभी आहे ते कळत होतं. अशा उशिरावर कटकट करणारा ग्राहक पुढच्या वेळी खरं ऐकायचा हक्क गमावतो असं मला वाटतं.

बुधवारी संध्याकाळी इंजिन जोडून सुरू झालं. "घेऊन जा ताई, एकदम ओके आहे." तिने विचारलं, पंखा सुरू होईपर्यंत चालवली का? चालवली होती. थंड झाल्यावर पाणी पाहिलं का? ते अर्थातच बाकी होतं, इंजिन गरमच होतं. तिने गाडी त्या रात्री तिथेच ठेवली. इतक्या दिवसांनी गाडी समोर उभी असताना हे सोपं नव्हतं, पण हे थांबणं कामाचं होतं. सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडलं तर कुलंटची पातळी थोडी उतरली होती, आत अडकलेली हवा निघून गेल्यावर ती उतरतेच. भर घातली, थंड इंजिन सुरू केलं, धूर नाही. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवली. ऑइलचं झाकण आतून स्वच्छ होतं. जुनं गॅस्केट मालकाने पिशवीत घालून दिलं. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर ते काळं पडून फुटलं होतं, नेमकं जिथे उजेडाची रेघ दिसली होती तिथे.

हिशेब

बिलाच्या वेळी तिने रिक्षाच्या आणि भाड्याच्या गाडीच्या पावत्या पुढे केल्या. सगळ्या नाही. पहिल्या हुकलेल्या शुक्रवारपासून हेड लेथवर गेलं त्या बुधवारपर्यंतच्या, एवढ्याच. त्या दिवसांत गाडीला कुणी हात लावला नव्हता आणि का लावला नव्हता ते दोघांनाही माहीत होतं. सीटच्या कामात गेलेले दिवस तिने मोजले नाहीत. मालकाने आधी मान हलवली, "पोरगा सुट्टीवर होता, त्याला मी काय करू?" ती म्हणाली, "काका, पोरगा सुट्टीवर होता हे शुक्रवारी सांगितलं असतंत तर हेड मी स्वतः रिक्षातून नेलं असतं." त्याने मजुरीतून त्या पावत्यांच्या निम्म्याहून थोडी जास्त रक्कम कमी केली. तिने ती मान्य केली आणि बिलावर काय कमी केलं आणि कशासाठी, ते लिहून घेतलं.

आमच्या दोघांत अजून एका मुद्द्यावर एकमत नाही. जॉब कार्डाच्या मागे मेकॅनिकने पेन्सिलने नोंद केली होती, तिच्यावरून दिसतं की हेड पहिल्याच आठवड्यात मंगळवारी काढून झालं होतं. म्हणजे ते त्याच आठवड्यात लेथवर जाऊ शकलं असतं, आणि ते दिवसही मागायला हवे होते असं माझं म्हणणं. ती म्हणते, शुक्रवारपर्यंतचा वेळ मी त्याला स्वतः दिला होता, त्यातले दिवस तो कसे वापरतो हा त्याचा प्रश्न. काही शे किलोमीटरनंतर कुलंट पाहून घ्यायला ती पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेली. पातळी जागच्या जागी होती.